शिक्षकांच्या समाजमाध्यमांवरील गटांमुळे वर्गातले शिकवणे खरोखर सुधारते का? (नागपूर जिल्हा)

खडू_डस्टर (धागाकर्ती)

नमस्कार. मी सावनेर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. आमच्यापैकी प्रत्येकाच्या फोनवर केंद्राचा (म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाचा), तालुक्याचा, विषयाचा, संघटनेचा आणि डी.एड.च्या जुन्या वर्गमित्रांचा असे गट असतातच. सकाळी सुप्रभात, मग "अत्यंत तातडीचे, दुपारी बारापर्यंत माहिती भरून पाठवावी", त्यामागोमाग पटसंख्येची एक्सेल, कोणाच्या तरी सेवानिवृत्तीच्या शुभेच्छा आणि या सगळ्यांत कोणीतरी टाकलेली भली मोठी पीडीएफ. ती पीडीएफ "खूप उपयुक्त, सर" असे म्हणून पुढच्या गटात जाते. ती उघडून वाचणारे किती असतील, याचा अंदाज आपणा सर्वांना आहे.

गेल्या सत्रात आम्ही गणित शिकवणाऱ्या काही जणींनी एक लहान वेगळा गट केला. त्यात एका मैत्रिणीने वहीच्या एका पानाचे छायाचित्र टाकले. गणित होते ५०३ वजा २७८ आणि मुलाचे उत्तर होते १३५. "हातच्याची वजाबाकी पुन्हा घ्यावी लागेल", "सराव कमी पडतो आहे" अशा नेहमीच्या प्रतिक्रिया आल्या. पारशिवनीकडच्या एका मॅडमनी मात्र शतकाच्या जागी मुलाने काय खोडले आहे ते जवळून दाखवायला सांगितले. पाहिले तर ५ खोडून वर ४ लिहिला होता आणि तो ४ देखील खोडून ३ केला होता. म्हणजे एककात ३ मधून ८ जात नाहीत, दशकात शून्य असल्याने तेथे काही मिळत नाही, म्हणून मुलाने थेट शतकाकडून एक घेतला आणि तो एककाला दहा म्हणून दिला. मग दशकातही ० मधून ७ जात नाहीत म्हणून शतकाकडून आणखी एक घेतला. पहिल्या वेळी शतक मोडून हाती दहाच आले, नव्वद कुठेतरी हरवले. खरे उत्तर २२५ आणि मुलाचे उत्तर १३५ यांतला फरक नेमका तेवढाच आहे.

दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणीने मुलांना खेळातल्या नोटा दिल्या. पाचशे तीन रुपयांतून आठ रुपये द्यायचे आहेत, सुटे तीनच आहेत, आता काय कराल, असे विचारल्यावर शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा घ्याव्या लागतात आणि त्यांतली एक पुन्हा मोडावी लागते, हे मुलांनी स्वतःच करून पाहिले. "शून्य असेल तर शेजारच्याकडून घ्या" असे आपण फळ्यावर सांगतो, त्या वाक्यातच ही चूक दडलेली आहे, हे आमच्यापैकी अनेकींना त्या पानामुळे प्रथमच नीट दिसले.

माझे म्हणणे असे की, शिक्षकाची वाढ अशा पानांभोवतीच्या बोलण्यातून होते. साहित्य पुढे ढकलल्याने होत नाही. हे बोलणे टिकवायचे कसे, गट किती मोठा असावा, कोणते माध्यम बरे आणि अधिकाऱ्यांना त्यात घ्यावे की नाही, यावर येथील शिक्षक मंडळींचे अनुभव हवे आहेत.

निवृत्त_केंद्रप्रमुख_काटोल

मॅडम, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मी त्या बाजूला बसलेलो आहे. ज्या गटात केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी किंवा गटशिक्षणाधिकारी आहेत, त्या गटात कोणताही शिक्षक "माझ्या वर्गातील मुलांना हे जमत नाही" असे लिहिणार नाही. तसे लिहिले की पुढच्या शाळाभेटीत तोच वर्ग आधी तपासला जाईल, ही भीती असते आणि ती नेहमीच निराधार असते असे मी म्हणू शकत नाही. त्यामुळे तेथे केवळ यशोगाथा येतात. उपक्रमाचे छायाचित्र, त्यात फलक, फलकापुढे ओळीत उभी मुले. कार्यालयीन गट आदेश पोहोचवण्यासाठी असतो, तो तेवढ्यापुरता राहू द्यावा.

दुसरे म्हणजे, हे सारे फोनमुळे सुरू झाले असे समजू नये. आपल्याकडून इटारसीच्या गाडीने गेले की पुढे होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) लागते. तेथे १९७२ पासून २००२ पर्यंत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम चालला. सरकारी शाळांतील शिक्षक दर महिन्याला गोष्ठीसाठी एकत्र येत, प्रयोग करताना वर्गात काय अडले ते मांडत आणि त्यातून पुस्तकातील प्रकरणे बदलली जात. मुले "सवालीराम" या नावाने पत्रे पाठवून प्रश्न विचारीत आणि त्यांना उत्तरे जात. तेव्हा माध्यम टपालाचे होते, पण मुलांना काय अडते हे शिक्षकाने मोकळेपणाने सांगावे, ही गोष्ट तीच होती. आपल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेचाही, म्हणजे केंद्रातील शिक्षकांच्या नियमित बैठकीचाही, मूळ हेतू हाच होता. पुढे तिचा बराचसा वेळ परिपत्रकांचे वाचन आणि माहिती संकलन यांत जाऊ लागला, ही गोष्ट वेगळी.

धरमपेठ_गणित

मी शहरातील अनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीला शिकवते. धागाकर्तीताईंचे वहीचे पान आवडले, पण "साहित्य पुढे ढकलल्याने वाढ होत नाही" हे विधान मला सरसकट मान्य नाही. माझ्या शाळेत दहावीला गणित शिकवणारी मी एकटीच आहे. भूमितीतील रचना जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर हलवून कशा दाखवाव्यात, हे मी यूट्यूब आणि एका मोठ्या टेलिग्राम गटातूनच शिकले. त्या गटातील बहुतेकांना मी ओळखत नाही आणि ओळखण्याची गरजही पडली नाही. इंग्रजी बोलणाऱ्या जगातील शिक्षकांनी ट्विटरवर २००९ साली "एडचॅट" या हॅशटॅगखाली ठरलेल्या वेळी चर्चा सुरू केल्या, त्याही अनोळखी लोकांमध्येच होत होत्या. एकट्या पडलेल्या विषयशिक्षकाला मोठ्या गटाचा आधार असतो.

माध्यमाबद्दल सांगायचे तर, व्हॉट्सअ‍ॅपवर जुनी चर्चा शोधणे फार कष्टाचे आहे. सदस्यसंख्येची मर्यादा २०२२ मध्ये १०२४ पर्यंत वाढली, पण एकाच वेळी तीन विषयांवर बोलणे सुरू झाले की कोणाचे उत्तर कोणाला, हे कळत नाही. टेलिग्रामच्या गटात दोन लाखांपर्यंत सदस्य चालतात, मोठ्या फायली जातात, विषयवार कप्पे करता येतात आणि अ‍ॅडमिनने मुभा ठेवली असेल तर नव्याने आलेल्यालाही मागचे सारे वाचता येते. गणितासाठी हा शेवटचा भाग फार मोलाचा आहे, कारण अपूर्णांकांतील त्याच चुका दरवर्षी नव्या मुलांकडून येतात आणि मागच्या वर्षीची चर्चा हाताशी असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

खडू_डस्टर

धरमपेठच्या मॅडम, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि माझे वाक्य तेवढे आवरते घेते. तरीही एक विचारते. जिओजेब्रा शिकल्यानंतर वर्गात मुलांनी त्यातून काय समजून घेतले, हे तुम्ही त्या मोठ्या गटात कधी सांगितलेत का? तंत्र अनोळखी माणसाकडून शिकता येते. आपल्या मुलांचे अडलेले मात्र ओळखीच्या माणसालाच सांगावेसे वाटते, असे माझे निरीक्षण आहे.

धरमपेठ_गणित

नाही सांगितले. तेथे तसे कोणीच सांगत नाही, हे तुम्ही विचारल्यावर लक्षात आले.

पालक_आणि_वकील

मी शिक्षक नाही, माझी मुलगी सहावीत आहे. या चर्चेत एक बाजू सुटते आहे, ती मुलांची. शाळांच्या गटांत, फेसबुकवर आणि शिक्षकांच्या यूट्यूब वाहिन्यांवर मुलांचे चेहरे, नावे, गणवेशावरील शाळेचे नाव हे सर्व सर्रास दिसते. वैयक्तिक डिजिटल विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि बालकाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. "सर्वच शाळा टाकतात" हे उत्तर यापुढे पुरणार नाही.

वहीच्या पानाला माझा आक्षेप नाही, उलट तो चांगला मार्ग आहे. मात्र पानावरील नाव, हजेरी क्रमांक आणि शाळेचा शिक्का झाकावा, पानाचा हवा तेवढाच भाग घ्यावा आणि "आमच्या वर्गातला अमुक वस्तीवरचा मुलगा" असे वर्णन टाळावे. चूक कोणाची आहे हे न कळताही चूक समजते. वाचताना अडखळणाऱ्या मुलाचे चित्रफितीतले हसे तर कोणत्याच कारणासाठी फिरवू नये. असे प्रसंग मी पाहिले आहेत आणि ते मूल पुढे वर्गात तोंड उघडत नाही.

नावात_काय

नाव न देता लिहितो, कारण उघड आहे. सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत परिपत्रक काढले आहे. त्यानुसार वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायची आहेत, शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही आणि गोपनीय कागदपत्रे पूर्वमंजुरीशिवाय टाकायची नाहीत. आम्हा जिल्हा परिषदेच्या लोकांना १९६७ चे वर्तणूक नियम आधीपासून आहेतच. आता मला सांगा, "या घटकाची पुस्तकातली मांडणी माझ्या वर्गातील मुलांना समजत नाही" असे लिहिले तर ती अध्यापनावरची चर्चा की धोरणावरची टीका? हे ठरवणारा माणूस आपल्याला ठाऊक नसतो, म्हणून लोक फक्त अंगठ्याचे चिन्ह टाकून मोकळे होतात.

निवृत्त_केंद्रप्रमुख_काटोल

आपली शंका खरी आहे, पण ती ताणू नये. मुलाने काय लिहिले आणि आपण काय करून पाहिले, एवढ्यापुरते बोलणे ठेवले तर त्यावर बोट ठेवायला जागा फारशी राहत नाही. बदल्या, वेतन, अशैक्षणिक कामे हे विषय संघटनेच्या गटात न्यावेत. शिकवण्याच्या गटात एकदा बदल्यांचे बोलणे शिरले की त्या दिवशी गणित संपले म्हणून समजावे.

देवलापार_मार्गे

रामटेक तालुक्यात, पेंचच्या बाजूला शाळा आहे. टेलिग्राम, दोन लाख सदस्य वगैरे वाचून गंमत वाटली. आमच्याकडे शाळेच्या मागच्या टेकाडावर गेल्याशिवाय संदेश जात नाही आणि चित्रफीत तर संध्याकाळी गावाबाहेर आल्यावरच उघडते. म्हणून माझा अनुभव आवाजी संदेशांचा आहे.

पहिलीला येणारी माझी काही मुले घरी गोंडी बोलतात. मला गोंडी येत नाही. तालुक्यातल्या एका शिक्षकांची ती घरची भाषा आहे. मी रोजच्या वापरातली वाक्ये त्यांना पाठवतो, जसे "पाणी प्यायला जायचे का", "कुठे दुखते", "पुन्हा सांग". ते ती गोंडीत बोलून आवाजी संदेश परत पाठवतात. मी शाळेत जाताना ते ऐकतो, वर्गात म्हणतो आणि मुले माझ्या उच्चारांना पोट धरून हसतात. हसली की बोलू लागतात. पहिल्या महिन्यात गप्प बसणारी मुले यंदा लवकर बोलती झाली. या कामासाठी कोणताही अभ्यासक्रम नव्हता आणि कोणी प्रमाणपत्रही दिले नाही. आवाजी संदेश आकाराने लहान असतो, जाळे क्षीण असले तरी तो हळूहळू का होईना पोहोचतो. शहरातील मंडळींनी गट करताना एवढे लक्षात ठेवावे की जड चित्रफितीवर चर्चा ठेवली तर आमच्यासारखे आपोआप बाहेर पडतात.

तासांचा_हिशोब

मी प्रशिक्षणाच्या कामाशी जोडलेली आहे, म्हणून प्रमाणपत्राच्या विषयावर थोडे लिहिते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे आणि हे तास शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार असावेत असेही तेथे म्हटले आहे. शिक्षकांनी आपल्या कल्पना आणि चांगले प्रयोग एकमेकांना सांगावेत यासाठी ऑनलाइन मंच तयार करण्याचा उल्लेखही त्याच परिच्छेदात आहे. दीक्षा हे केंद्र शासनाचे ऑनलाइन शिक्षण-व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले, निष्ठा हे शिक्षकांसाठीचे राष्ट्रीय प्रशिक्षण ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाले आणि २०२० पासून ते दीक्षावर ऑनलाइन आले. म्हणजे व्यवस्था आहे. प्रश्न असा आहे की, ५० तासांची मोजणी सोपी जावी म्हणून आपण जे मोजता येते तेच करू लागतो. चित्रफीत आवाज बंद करून चालू ठेवायची, शेवटची प्रश्नमंजूषा गटात आलेल्या उत्तरांवरून सोडवायची आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, हे कोणाला ठाऊक नाही?

माझी सूचना अशी की, खडू_डस्टर मॅडमच्या गटातील एखाद्या पानावरची चर्चा, त्यानंतर वर्गात केलेला बदल आणि त्याचा परिणाम हे दोन पानांत लिहून शिक्षण परिषदेत मांडावे आणि त्याला तासांचे श्रेय मिळावे. गट खाजगी राहील, त्यातून निघालेले काम तेवढे उघड होईल.

निवृत्त_केंद्रप्रमुख_काटोल

सूचना चांगली आहे, पण मला धास्ती वाटते. श्रेय जोडले की नमुना येईल, नमुन्यात रकाने येतील आणि मग "प्रत्येक शिक्षकाने दरमहा एक चूक सादर करावी" असा संदेश निघेल. मग चुकाही तयार करून लिहिल्या जातील. मी हे उपहासाने म्हणत नाही; प्रत्येक चांगल्या उपक्रमाचे रकान्यांत रूपांतर होताना मी पाहिले आहे आणि काही रकाने मीच भरून घेतले आहेत.

तासांचा_हिशोब

सर, धास्ती रास्त आहे. तरीही श्रेयाविना हे काम फक्त उत्साही लोकांपुरते राहते, हेही खरे आहे. ऐच्छिक ठेवावे, नमुना ठेवू नये, यापलीकडे माझ्याकडे उत्तर नाही.

महालातली_पाटी

मोठ्या, उघड्या समाजमाध्यमांवर अध्यापनाची चर्चा कशी होते, याचे आपल्या राज्यातले उदाहरण २०१९ चे आहे. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणित पुस्तकात सत्तावीस ही संख्या "वीस सात" अशीही वाचायला दिली होती. त्यामागे गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी दिलेले कारण स्पष्ट होते. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. म्हणून मुले तेवीस ऐकून ३२ लिहितात. त्यात एकसष्ट, ब्याऐंशी, त्र्याण्णव यांची जोडाक्षरे आणि एकोणतीस-एकोणचाळीसचा उलटा हिशोब. नवी पद्धत जुन्या संख्यावाचनासोबत द्यायची होती. पण फोनवर विनोदांचा पूर आला, "फडणवीस" या आडनावाचे काय करायचे इथपर्यंत गोष्ट गेली आणि विधानसभेतही त्यावर बोलणे झाले. दुसरीच्या वर्गात प्रत्यक्ष शिकवणारे शिक्षक त्या सगळ्या गदारोळात कोठेच ऐकू आले नाहीत. वास्तविक त्यांच्याकडे वह्या होत्या. कोणती मुले कोठे उलट लिहितात, किती काळ लिहितात, "वीस सात" म्हटल्यावर फरक पडतो का, हे सांगण्याचा अधिकार त्यांचाच होता.

मी पद्धतीच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलत नाही. माझ्या मते "मला काय वाटते" याला उघड्या भिंतीवर भाव मिळतो आणि "माझ्या वर्गात काय झाले" याला मिळत नाही. त्यामुळे लहान गट हवेत, याला माझे अनुमोदन.

पालक_आणि_वकील

त्या वेळी विनोद पुढे पाठवणाऱ्यांत आम्ही पालकच आघाडीवर होतो. त्या पद्धतीमागचे कारण कोणी समजावून सांगितले असते तर काहींनी तरी वाचले असते. शिक्षकांच्या गटातून वर्षातून एखादे टिपण पालकांसाठीही निघावे.

खडू_डस्टर

सर्वांचे आभार. आमच्या गटापुरते आम्ही असे ठरवतो आहोत. सदस्य वीसच्या आत राहतील आणि सर्व प्रत्यक्ष वर्गावर शिकवणारे असतील. आठवड्याला एकच पान येईल, नाव-क्रमांक झाकून. पान टाकणारीने मुलाला "हे तू कसे केलेस" असे विचारून त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहावे किंवा आवाजी संदेशात सांगावे. पहिल्या दिवशी कोणीही उपाय सुचवायचा नाही, फक्त मुलाने काय विचार केला असेल तेवढेच लिहायचे. हा नियम पारशिवनीच्या मॅडमचा आहे आणि तो पाळणे सर्वांत अवघड जाते, कारण आपल्याला उपदेशाची सवय आहे. शुभेच्छांसाठी स्टेटस आहे. सत्र संपले की निवडक चर्चा टेलिग्रामच्या एका संग्रहात विषयवार ठेवू, म्हणजे धरमपेठच्या मॅडमना शोधता येईल आणि देवलापारच्या सरांना चित्रफीत उघडावी लागणार नाही. श्रेयाचे तूर्त राहू द्या. शिक्षण परिषदेत ज्या कोणाला मांडायचे असेल तिने मांडावे.

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा सुरुवात शून्य असलेल्या वजाबाकीने करू. चौथी-पाचवीच्या कोणाकडे ८००० वजा काहीतरी अशी पाने असतील तर जपून ठेवावीत.

धरमपेठ_गणित

मला माध्यमिकची म्हणून वगळू नका. माझ्याकडे नववीतले पान आहे. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, उत्तर दोन पंचमांश. मुलीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "वर वर आणि खाली खाली, गुणाकारात चालते ना, मॅडम." मग मी तिला दोन पंचमांश मोठे की एक द्वितीयांश, असे विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बेरीज करून कमी कसे झाले?" पुढे काय विचारावे, हे मी तुमच्या नियमाप्रमाणे पहिल्या दिवशी लिहीत नाही.

देवलापार_मार्गे

मला वाटते तिने "अधिक" या चिन्हाकडे पाहिलेच नाही. तिच्या दृष्टीने तेथे चार सुटे आकडे होते. पाचवीतल्या माझ्या मुलांकडूनही नेमके हेच उत्तर येते, म्हणजे चार वर्षे ही चूक तशीच पुढे सरकते आहे. त्यांना विचारून उद्या आवाजी संदेश पाठवतो. टेकाडावर जावे लागेल, त्यामुळे संध्याकाळ होईल.